येईल ते नावे

सेलूच्या बसस्टँडसमोर, मोबाईलच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढलं की क्लास.
सकाळी सातची बॅच.
चपला खालीच काढायच्या,
मशीनला धूळ चालत नाही म्हणे.
आमच्याकडं धुळीला विचारतंय कोण.

नाझनीन मॅडम माझ्या धाकटीहून दोन वर्षांनी लहान.
पहिल्या दिवशी म्हणाली, काकू, माऊस आवळू नका,
अलगद धरा, चिमणीच्या पिल्लासारखा.
पिल्लू मी कधी धरलं नव्हतं.
जात्याचा खुंटा धरला होता.
तसाच धरला, बाण पडद्याच्या कडेला जाऊन
तिथंच बसला.

मग नाव लिहायचं. द्वारका.
द आला, व आला,
एसटीतल्या अनोळख्यांसारखे शेजारी टेकले. दवारका.
मागच्या बाकावर पोरं हसली.
मॅडम म्हणाली, द चा पाय मोडा,
मग व लागेल त्याला.
बावन्न वर्षं हे नाव लावते मी,
त्यात एकाचा पाय मोडलेला आहे
हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक्सेलमध्ये पहिला तक्ता केला नळाचा.
कोणत्या तारखेला आला, किती वाजता, किती हंडे.
आठव्या दिवशी, नवव्या, एकदा तर तेराव्या.
खाली सरासरी मागितली, त्यानं गुमान दिली:
नऊ पूर्णांक चार.
त्यातला पूर्णांक ठीक,
त्या चारचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

मग गटाच्या डाळीची विक्री मांडली
तर आकड्याच्या जागी नुसतं तारेचं कुंपण.
हात गार पडले. मोडलं बहुतेक. भरून द्यावं लागणार.
मॅडम दुसऱ्याच टेबलावरून बोलली,
रक्कम आत आहे काकू,
रकाना अरुंद पडायलाय.
कडेला धरा अन् ओढा.
ओढला.
एक लाख बेचाळीस हजार सहाशे
तिथंच बसले होते, अंग चोरून.

त्या दिवशी घरी येताना
मी गटातल्या सतरा जणी एकेक करून आठवल्या.

टॅली उन्हाळ्यात लागलं.
येईल ते नावे, जाईल ते जमा.
मला वाटलं पोरगी उलटं सांगायली.
जमा म्हणजे आलेलं, लहानपणापासून.
ती म्हणाली, आधी पाठ करा, मग भांडा.
केलं पाठ. भाकरी थापताना, गिरणीच्या रांगेत.
नणंद आली महिनाभर राहायला, नावे.
धाकटी गेली पुण्याला, जमा.
जमा?
तवा तापला होता, भाकरी करपली
आणि नोंद तशीच राहिली.

ऑडिटरच्या आदल्या संध्याकाळी
गटाचा हिशेब बँकेच्या पासबुकाशी जुळेना.
फरक सत्तावीस रुपयांचा.
लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुईकुई करतोय,
मॅडमनं दोनदा सगळ्या नोंदी चाळल्या,
म्हणाली, सस्पेन्सला टाकून देऊ का?
उद्या बघता येईल.

थांबा म्हटलं. सत्तावीसला नऊनं भाग जातो.
म्हणजे कुठंतरी दोन आकडे
एकमेकांच्या जागी बसलेत.

मोंढ्यात आडतीवर सांडलेली तूर झाडत होते मी,
बारा-तेरा वर्षांची.
मुनीम जोरजोरात बोलत वही तपासायचे,
फरकाला नऊनं भाग, गेला तर आकडा उलटा,
आणि मी खराट्याखाली ऐकत राहायचे.
पगार दोन रुपये, शिवाय झाडलेली तूर.

सापडलं. नोंद एकेचाळीस, बारदान्याचं बिल.
सहाशे पंच्याऐंशीचे
सहाशे अठ्ठावन्न झाले होते.
माझ्याच हातानं.

मॅडम खुर्ची फिरवून बघायला लागली माझ्याकडं.
काकू, हे कोणत्या पुस्तकात आहे?

मी म्हटलं, आधी सेव्ह करा.
इन्व्हर्टर बसायलाय.